उजव्या खांद्याची शिवण

गुरुवारी दुपारी जर्सीची पिशवी आली तेव्हा मी एका ब्लाउजचा गळा लावत होते. मशीन थांबवलं, पिशवी उलटी केली, आणि जर्सींच्या ढिगातून गुणाजीभावजींच्या हातची चिठ्ठी खाली पडली. ‘सहा नंबर उसवणे. सतरा, अठरा नवीन लावणे.’ बस, एवढंच. मी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, पालथी करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं. मागे कुठल्याशा केमिस्टचं बिल होतं. सहा नंबर म्हणजे नितेश. आठ वर्षं श्रमदीप हॉकी क्लबच्या त्या सहा नंबरात नितेशशिवाय दुसरं कोणी शिरलेलं नव्हतं. आणि मला हे कळणार केमिस्टच्या बिलाच्या पाठीवरून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोराचा नंबर उसवायचा त्याला तरी सांगितलंय का, की त्यालाही रविवारी ग्राउंडवर आल्यावरच कळणार, हा विचार आला आणि मी ब्लाउज बाजूला टाकून फोन उचलला. गळा तिरका गेला तो गेलाच, नंतर सगळा काढून पुन्हा लावावा लागला.

“वहिनी, दुपारी झोपत नाय काय तुम्ही?” गुणाजीभावजी म्हणाले. हे आमच्या क्लबचे सेक्रेटरी. माझ्या नवऱ्याबरोबर खेळलेले, म्हणून मी वहिनी. “ट्रान्सफर उघडलेत. नितेश दिला. त्याच्या बदल्यात दोन पोरं मिळाली, पळणारी आहेत. आणि गोलकीपरचा पूर्ण किट.” मी म्हटलं, “किट?” “पॅड, बुटांवर चढवायचे किकर, हेल्मेट, सगळा. नवा कोरा. आपल्या कृणालचे पॅड बघितलेत ना तुम्ही? आतला स्पंज बाहेर येतोय.” बघितलेत म्हणजे काय! ते पॅड दोनदा मीच टाचून दिले होते, गोधडीच्या सुईने. पण म्हणून माणूस देऊन पॅड घ्यायचे? “भावजी, सेंटर हाफ दिलात तुम्ही. पेनल्टी कॉर्नर मारणारा एकच माणूस होता आपल्याकडे. आता कॉर्नर मिळाला तर काय मारायचं, पॅड?” ते हसले. मला हसू आलं नाही. तीन मॅच उरलेल्या, आम्ही तळाला, अकरा मॅचमध्ये एक जिंकलेली आणि तीही समोरच्या टीमचे दोघं उशिरा आले म्हणून. शेवटून दुसरं यायचं तरच सेकंड डिव्हिजनमध्ये राहणार, नाहीतर खाली. आणि अशा वेळी हा माणूस स्पंजचं बोलतोय. मी फोन ठेवला, सतरा आणि अठरा कापले, लावले. सहा उसवला नाही. ती जर्सी घडी करून माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिली. म्हटलं, बघू कोण मागायला येतो.

हल्ली सगळे नंबर छापून घेतात. आम्ही शिवतो, म्हणजे मी शिवते, सव्वीस वर्षं झाली. मरोळच्या या दीड खोलीत मी लग्न होऊन आले तेव्हा मला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या वडिलांच्या मिलमध्ये कबड्डी होती, क्रिकेट होतं. हॉकी म्हणजे काहीतरी दुसऱ्याच लोकांचं, असं मला वाटायचं. आणि हा महादू, माझा नवरा, फुल बॅक. खेळायचा कसा ते विचारू नका. बॉल गेल्यावर पोचायचा. पण दर रविवारी पहाटे उठून आरे कॉलनीतल्या त्या लाल मातीच्या मैदानावर जायचा, म्हशींच्या गोठ्यांचा वास अंगाला घेऊन परत यायचा, आणि आंघोळ न करता मला सगळी मॅच सांगत बसायचा. मी भांडायचे. एकदा तर त्याची स्टिक माळ्यावर टाकली होती. मग एका सीझनला त्याने जर्सी आणल्या, म्हणाला, “शेवंते, तुझ्याकडे मशीन आहे, नंबर लावून दे ना.” म्हटलं, आण. शिवायला घेतलेलं कापड कुणाच्या अंगावर कसं बसतं ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून रविवारी बघायला गेले. तीन नंबर जरा खाली लागला होता. तो बघता बघता खेळ बघायला लागले, आणि पुढच्या रविवारी मी महादूच्या आधी तयार होते. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी दारात जर्सीची पिशवी आली. माझी मुलगी कल्पिता भडकली, म्हणाली यांना लाज नाही. मला मात्र वाटलं, चला, अजून आपल्याला कुणीतरी काम देतंय. त्या दिवशी मी मशीनवर बसून जी रडले ती तेव्हाच, आधी बारा दिवसांत नाही.

नितेश त्यानंतर तीन वर्षांनी आला. वर्सोव्याचा, कोळ्यांच्या घरातला, आई सगुणा मासळी विकणारी. खांदे असे, की पहिल्या मॅचला त्याची जर्सी उजव्या खांद्याला मागून टरकन फाटली. मी शिवली. पुढल्या आठवड्यात पुन्हा तिथेच. मी दुहेरी दोरा घातला, आतून पट्टी लावली, तरी महिन्याभरात उसवलीच. आता शिंप्याला कळतं, कुठली शिवण का जाते. बसून उसवते की वाकून, ओढून उसवते की ताणून. नितेश पेनल्टी कॉर्नरला बॉल स्टिकवर घेऊन ओढत आणायचा आणि सगळं अंग पिळून आपल्या डावीकडे फेकायचा, म्हणजे गोलकीपरच्या उजव्या हाताला, खाली. दुसरीकडे फेकला तर खांद्यावर एवढा ताण येतच नाही. प्रॅक्टिसला तो दोन्हीकडे मारायचा. पण मॅच अडली की डावीकडेच. जिंकलो त्या मॅचला शिवण गेलेली असायची आणि हरलो त्या मॅचला धड. आठ वर्षं हे मला ठाऊक आहे आणि आठ वर्षं मी कुणाला बोलले नाही. कारण आमच्या धंद्यात एक आहे. कुणाचं माप बाहेर सांगायचं नाही. माझ्या वहीत या गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं आहेत. कुणाची कंबर किती वाढली, कुणाचा एक खांदा उतरलाय, कुणी ऑपरेशन करून आलंय. सख्ख्या जावेने विचारलं तरी मी म्हणते, मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं गं. म्हणून तर बायका माझ्याकडे येतात.

शनिवारी संध्याकाळी नितेश आला. दार उघडताना मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, त्याला कसं सांगायचं, आधी पाणी द्यायचं, मग गुणाजीभावजींना चार शिव्या घालायच्या, मग म्हणायचं की मी नंबर उसवलेला नाही बघ. तो नेहमीसारखा उंबऱ्याशी चपला काढून आत आला, स्टुलावर बसला, आणि हातातल्या पिशवीतून एक जर्सी काढून माझ्या मशीनवर ठेवली. हिरवी. छापील नंबर. उजवा खांदा मागून उसवलेला.

“मावशी, पहिल्याच प्रॅक्टिसला गेली. तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही हे.”

मी त्या हिरव्या कापडाकडे बघत राहिले. म्हणजे याला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे, हा तिकडे जाऊन प्रॅक्टिससुद्धा करून आला होता. “तुला कधी सांगितलं भावजींनी?” मी विचारलं.

“त्यांनी कशाला? मीच सांगितलं त्यांना. मावशी, ती ऑफिसची टीम आहे. पर्मनंट करतील, तसं बोलणं झालंय. किती दिवस पार्सलं वाटत फिरू? गुडघा बघा माझा. चेतनाला सातवा लागलाय.” चेतना म्हणजे त्याची बायको. “आणि मी त्यांना म्हटलं, असाच जाणार नाही, क्लबला काहीतरी द्या. कृणालचा किट मीच मागून घेतला.”

तेव्हा मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला राग आला. सुटला हा पोरगा, चांगलं झालं, असं वाटायला हवं होतं. स्वतःच्या मुलाने नोकरी लागल्याचं सांगितलं तर आई पेढे आणायला पळते. माझ्या मनात आलं ते एकच, की मला का नाही विचारलंस. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? नसतं. मग विचारायचं कशाला? तरी पण विचारायचं. मी आठ वर्षं तुझ्या पाठीमागे, गोलच्या मागच्या जाळीला धरून उभी आहे, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. कल्पिता म्हणते आई तुला कोण ओळखतं तिथे, आणि मी म्हणते, माझी पोरं ओळखतात. “मेल्या, माका एक शब्द सांगूक काय जड झाला तुका?” रागावले की माझ्या तोंडी गावची भाषा येते. तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही असं बघितलं असतं. म्हणून नाही सांगितलं.” हे मात्र खरं होतं. जाताना त्याने विचारलं, “ती सहा नंबरची मला ठेवायला मिळेल? आठवण म्हणून.” मी म्हटलं, “ती श्रमदीपची आहे. तू गेलास, जर्सी नाही गेली.” आणि हिरवी जर्सी? ती मी शिवली. दुहेरी दोरा, आतून पट्टी, बगलेत जादा कापड. शिव्या घालत शिवली, पण एक टाका कमी घातला नाही. आलेलं काम वाईट करून द्यायचं हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

पुढच्या दोन रविवारी काय झालं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगते. पहिली मॅच पाच-शून्य हरलो. ती दोन पळणारी पोरं खरंच पळतात, फक्त बॉल मागे राहतो. दुसरी मॅच एक-एक. त्यातला आमचा एक गोल समोरच्याच्या पायाला लागून आत गेला, पण मी नाचले. लोक म्हणतात, शेवंतीबाई, टीममध्ये दम नाही, कशाला घसा फोडता? चहाच्या टपरीवर एकजण मला समजावत होता, की हल्ली फॅनने पण टीम बदलायची असते, खेळाडू बदलतात तशी. म्हटलं, बाबा, तू नळाचा पाइप बदल, बायको बदल, काय वाट्टेल ते बदल, मला शिकवू नकोस. जिंकणाऱ्या टीमला टाळ्या वाजवायला काय लागतं? तिथे आधीच हजार हात असतात. इथे मी गप्प बसले तर मैदानावर बूट घासल्याचा आवाज ऐकू येतो, इतकी शांतता असते. ही शांतता त्या पोरांनी ऐकू नये म्हणून मी ओरडते. एवढंच कारण. आणि हिशेब आता असा होऊन बसला होता की शेवटची मॅच बरोबरीत सुटली तरी आम्ही शेवटून दुसरे, म्हणजे वाचलो. हरलो तर खाली. शेवटची मॅच हिरव्यांशी, नितेशच्या नव्या टीमशी होती.

ती मॅच बोरिवलीकडच्या निळ्या टर्फवर. मी दोन बस बदलून गेले. टर्फवर पाणी मारलेलं, ऊन वरून आणि खालून, डोळे दिपत होते. जाळीच्या मागे माझी जागा घेतली. कृणाल गोलमध्ये, नव्या किटमध्ये, एवढासा चेहरा हेल्मेटच्या आत. एकोणीस वर्षांचा, घाबरट, पण माझं ऐकणारा. त्या पॅडकडे बघून माझ्या मनात येत होतं, हे बघा, नितेश इथेच उभा आहे, पॅड होऊन. आणि तिकडे खराही नितेश, हिरवा, सेंटर लाइनला. त्याने माझ्याकडे बघून हात वर केला. मी केला नाही. पहिला क्वार्टर गेला, दुसरा गेला, शून्य-शून्य. आमची पोरं त्या दिवशी अशी खेळली की काय सांगू. अठरा नंबरने चक्क बॉल घेऊन धाव घेतली. तिसरा गेला. गुणाजीभावजी बेंचवरून उठून उभे, मग बसले, मग पुन्हा उभे. माझा घसा बसला होता. चौथ्या क्वार्टरची शेवटची सहा मिनिटं राहिली तेव्हा आमच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बॉल सतरा नंबरच्या पायाला लागला आणि अंपायरने हात लांब केला. पेनल्टी कॉर्नर. हिरव्यांचा. नितेश डीच्या डोक्यावर येऊन उभा राहिला, हात चड्डीला पुसत.

मला कळलं. कळलं म्हणजे, तो हात पुसतो आहे, मॅच अडली आहे, आता तो कुठे मारणार हे त्या अख्ख्या मैदानावर फक्त मला ठाऊक आहे. आणि कृणाल माझ्यापासून दहा पावलांवर, माझ्याकडे पाठ करून. आणि नितेश माझ्या घरी फाटका खांदा घेऊन आला होता. दुसऱ्या कुणाकडे नेला नाही, माझ्याकडे आणला, परका झाल्यावरही आणला. ते माप आहे त्याचं. वहीत लिहिलेलं नसलं तरी मापच. हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं, उगाच मागाहून शहाणपण सांगत नाही. दिसत होतं आणि तरीही, जाळीला दोन्ही हातांनी धरून, बसलेल्या घशाने, मी ओरडले. “कृणाल! तुझ्या उजवीकडे! खाली उजवीकडे मारतो तो! नेहमी!”

सगळ्या मैदानाने ऐकलं. कृणाल किंचित उजवीकडे सरकला. आणि नितेशने मान वर केली. एक सेकंद, फार तर दीड, तो जाळीतून थेट माझ्याकडे बघत होता. मग बॉल आला, त्याच्या जोडीदाराने स्टिकने अडवून दिला, त्याने ओढला, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा अडलेल्या मॅचला त्याने दुसरीकडे फेकला. कृणाल उजवीकडे पडलेला होता. बॉल त्याच्या डावीकडून आत जाऊन गोलच्या फळीवर आपटला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. हिरवे सगळे त्याच्या अंगावर पडले.

“वहिनी, तोंड बंद ठेवायला काय झालं होतं तुम्हाला!” गुणाजीभावजी बेंचवरून ओरडले. बघणारे जे वीस-पंचवीस लोक होते ते सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी ओरडले नसते तर नितेश नेहमीच्याच बाजूला मारणार होता. कृणाल जागचा हलला नसता, कदाचित नव्या पॅडला लागून बॉल बाहेर गेला असता. कदाचित गोल झालाही असता. ते आता कुणालाच कळणार नाही. कृणाल अजून जमिनीवर होता. त्याने हेल्मेट मागे सारलं आणि माझ्याकडे बघितलं, मी त्याला फसवलं असल्यासारखं. मला वाटलं, आता पदर डोक्यावर घ्यावा आणि बस पकडावी. कल्पिता म्हणालीच असती, झालं समाधान? पण मग वाटलं, जायचं कशाला? चूक केली ती सगळ्यांसमोर केली, आता तोंड लपवून कुणाला फसवायचं? मी जाळी घट्ट धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “कृणाल, चूक माझी. तुझी नाही. ऊठ. पाच मिनिटं आहेत अजून. ऊठ रे बाबा!” तो उठला. आणि ती पाच मिनिटं मी श्रमदीपच्या नावाने जी ओरडले, तशी महादूच्या वेळीही ओरडले नव्हते. घशातून नुसती हवा येत होती. दोनदा आमचा बॉल त्यांच्या डीमध्ये गेला. एकदा फळीच्या बाजूने गेला, एवढं अंतर, एवढंसं. मग शिट्टी वाजली आणि आम्ही थर्ड डिव्हिजनमध्ये गेलो.

नितेश टॉवेल खांद्यावर टाकून जाळीपाशी आला. मी हललेच नव्हते. घामाने त्याचे केस चिकटले होते. म्हणाला, “मावशी, माझं माप सगळ्या ग्राउंडला सांगितलंत तुम्ही.”

“सांगितलं,” मी म्हटलं. “सव्वीस वर्षांत कुणाचं सांगितलं नव्हतं. चुकलं माझं. रागाव हवं तर.” आवाज फुटत नव्हता, तरी बोलले. “पण तू हिरव्यात आहेस आणि मी श्रमदीपची आहे. तिथे उभी राहून मी गप्प बसणार असेन तर घरीच बसलेली बरी.”

तो हसला. डोळे पुसले की घाम पुसला, कळलं नाही. “मी रागावलो नाही. मला त्या टायमाला फक्त एवढंच वाटलं, की मावशी माझ्या विरुद्ध ओरडतायत. कधी ऐकलं नव्हतं ना.” मग जाळीत बोटं अडकवून तो उभा राहिला. पलीकडे त्याची टीम त्याला हाका मारत होती, फोटो काढायचा होता. “आता पुढच्या वर्षी आपली मॅच पण नाही, मावशी. तुम्ही खाली, आम्ही इथे.”

त्याच्या मागे आमची पोरं टर्फवर पसरली होती. सतरा नंबर तोंड झाकून रडत होता, अठरा नंबर त्याला पाणी देत होता, आणि कृणाल पॅडचे पट्टे सोडवत एकटाच बसला होता. मी त्यांच्याकडे बघितलं, मग नितेशकडे.

“येतोय आम्ही वर,” मी म्हटलं. “तू थांब तिथेच.”